डाव्या रकान्यातली लेक

मुलं कशी वाढवावीत हे आमच्या अख्ख्या गावात फक्त मला कळतं, असं माझं गेली तीस वर्षं ठाम मत होतं! मनातल्या मनातच होतं म्हणा. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण मत होतं, आणि पक्कं होतं.

माझी पद्धत एका ओळीची. कुणाकडे काही मागायचं नाही. ज्याचं ओझं त्याने उचलावं! हे मी माझ्या पदरचं सांगत नव्हतो. बायबलात प्रेषिताने पत्रात तसं लिहूनच ठेवलंय. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला एवढं ठाऊक असतं.

आमची एकुलती एक लेक स्मारांदा सात वर्षांची असताना काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाबा, झाकण उघडून द्या ना." मी पुस्तक मिटलं आणि तिला स्वावलंबन समजावून सांगितलं. चांगलं पाऊण तास! तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात गेली आणि बरणी जमिनीवर आपटली. झाकण तसंच राहिलं, पण लोणचं मिळालं. माझी बायको आग्लाया फरशी पुसता पुसता माझ्याकडे बघत होती. मी मात्र डायरीत लिहिलं, "पद्धत लागू पडतेय."

फादर सोफ्रोनींना एकदा मी हे भीत भीत सांगितलं. ते हसून म्हणाले, "पांफिलदादा, प्रेषित म्हणतो खरं तसं. पण तीन ओळी वर बघितलंत का? तिथे तोच म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा."

"मग दोन्हींतलं खरं कुठलं, फादर?"

"दोन्ही! म्हणून तर पत्र लांब आहे."

घरी येऊन बघितलं, तर खरोखरच वर तीन ओळींवर तसं होतं. त्या रात्रीपासून माझ्या मतात उंदीर शिरला. मी त्याला बाहेर काढलं नाही, फक्त वर एक जाडसं पुस्तक ठेवलं.

तर गेल्या वसंतात स्मारांदाने सुचावा शहरातली नोकरी सोडली. एकतीस वर्षांची मुलगी! म्हणाली, डोंगरातल्या गावात जागा घेतलीय, मधमाश्या पाळणार. बत्तीस मधपेट्या! निघायच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "बाबा, पेट्या हलवायला याल का? एकटीला जड जातील."

आणि मी काय बोललो असेन? तेच! प्रेषित, ओझं, ज्याचं त्याने.

तिने मान हलवली. "बरं," म्हणाली. पेट्या तिने कशा नेल्या कोण जाणे. नंतर तिचा फोन नाही. मीही केला नाही. करायचा तर पद्धतीचं काय? एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे! मी खिडकीपाशी जायचो, दारापाशी यायचो, पुन्हा खिडकी. पुस्तक उघडलं की तेच पान. चहा घेतला की थंड. आग्लायाला विचारलं, "तिचा काही फोनबिन?"

"तुम्हाला हवं असेल तर स्वतः विचारा," ती म्हणाली. "स्वावलंबन!"

तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. शिवाय ती स्वतः दर शनिवारी सकाळी "जरा जाऊन येते" म्हणून निघायची ती संध्याकाळी उगवायची. कुठे, ते मी विचारत नसे. आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही. पद्धत!

आणि मग आला पेंटेकॉस्टच्या सणाआधीचा शनिवार, मेलेल्यांच्या स्मरणाचा. त्या दिवशी सगळं गाव चर्चमध्ये लोटतं. मेलेल्यांच्या नावाने वाटायचा कढईभर गोड गव्हाचा कोलिवा, वर साखरेचा क्रूस, अक्रोड, मेणबत्त्या! प्रत्येक जण चिठ्ठीवर नावं लिहून देतो, एका रकान्यात जिवंत आणि दुसऱ्यात मेलेले. जिवंतांसाठी फादर वेदीमागे हळू आवाजात प्रार्थना करतात, मेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात.

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला! फोन तर करायचा नाही, पण जिवंतांच्या रकान्यात तिचं नाव लिहायला काय हरकत आहे? हळू आवाजात वाचतात. कुणाला कळणार नाही. देवाला कळेल, पण देव चहाड्या करत नाही.

चिठ्ठी हातात घेतली आणि लक्षात आलं की चष्मा घरी राहिलाय. रकान्यांवरची अक्षरं म्हणजे दोन मुंग्यांच्या रांगा! मेणबत्त्या विकायला लिओंतिना बसली होती. समोरच्या घरातली विधवा, गावाचं वर्तमानपत्र. तिला नुसतं विचारायचं होतं, "लिओंतिनाबाई, जिवंत कुठल्या बाजूला?" पण छे! चाळीस वर्षं लोकांना पुस्तकं शोधून दिलेल्या माणसाने हे विचारायचं? जिवंत डावीकडे असतात, मेलेले उजवीकडे. वर्षानुवर्षं तसंच. मी डावीकडे लिहिलं स्मारांदा, उजवीकडे माझे आईवडील, तोआदेर आणि झांफिरा. चिठ्ठी दिली आणि गर्दीला घाबरून बाहेर लिंडनच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो.

त्या वर्षी मेलेल्यांचा दिवस म्हणून नव्या चिठ्ठ्या छापल्या होत्या, आणि त्यात मेलेल्यांना डावीकडे आधी बसवलं होतं, हे मला कोण सांगणार? बावीस वर्षांपूर्वी वारलेले माझे आईवडील त्या सकाळी जिवंत झाले. आणि लेक...

तासाभराने लोक बाहेर आले, ते सरळ माझ्याकडेच! लिओंतिनाने माझे दोन्ही हात धरले. तिचे डोळे टोमॅटोसारखे लाल. "पांफिलभाऊ," म्हणाली, "आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाहीत!"

मला वाटलं, आमचं भांडण हिला कळलं. वर्तमानपत्रच ते! मी खाली बघून म्हणालो, "असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या?"

"एकट्याने सोसलंत हो!" आणि तिने हुंदका दिला.

मग एकामागून एक सगळे. कुणी खांदा दाबतोय, कुणी कपाळाला ओठ लावतोय. दहा मिनिटांत माझ्या हातात कोलिव्याचे अकरा वाडगे! एवढी सहानुभूती का, हे विचारावं असं फार वाटलं. पण विचारायचं कसं? मी आपला "आभार, आभार" म्हणत राहिलो. मनात आलं, लेकीशी अबोला धरलेल्या बापाबद्दल गावाला इतकी कळकळ! माणसं किती चांगली असतात! मी उगाच त्यांना तीस वर्षं टाळलं.

"आग्लाया कुठाय?" फादरनी विचारलं.

"सकाळीच गेलीय. कुठे ते माहीत नाही."

"तिकडेच असणार," लिओंतिना कुजबुजली. "पोरीजवळ."

फादरनी आग्लायाला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. "बिचारी! फोनसुद्धा उचलवत नाही!" सगळ्यांनी एकदम क्रूसाची खूण केली.

पाववाला निकानोर पुढे आला. "माझी गाडी आहे. चला, पांफिलदादा. अशा वेळी एकट्याने जायचं नसतं."

आता तुम्हीच सांगा, सगळं गाव तुमचा समेट घडवायला निघालेलं असताना नाही म्हणणारे तुम्ही कोण? पाच आठवड्यांनी स्मारांदा दिसणार! तेही मी न विचारता!

निकानोरच्या गाडीत आम्ही नऊ जण कोंबलो. मागून आणखी दोन मोटारी. गाडीत पावांऐवजी हिरव्या फांद्यांचं एक मोठं वेटोळं, फुलं लावलेलं. उद्या पेंटेकॉस्ट, घरोघरी हिरवळ लावतात, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, स्मारांदाच्या दाराला शोभेल.

"वय काय हो तिचं?" निकानोरने हळूच विचारलं.

"एकतीस."

"आणि लग्नही नाही!" लिओंतिना ओक्साबोक्शी रडायला लागली. लग्न झालं नाही म्हणून मीसुद्धा कधी इतका रडलो नव्हतो. मला थोडी लाज वाटली.

फादर माझ्या शेजारी होते. "शेवटचं बोलणं कधी झालं तुमचं?"

का कोण जाणे, त्या गर्दीत माझी जीभ सुटली. "पाच आठवड्यांपूर्वी. तिने मदत मागितली होती, फादर. आयुष्यात दुसऱ्यांदा. मी प्रवचन दिलं. माझंच चुकलं." हे वाक्य मी आजवर आरशालाही सांगितलं नव्हतं!

"तिने तुम्हाला क्षमा केली असणार."

"छे हो! फार हट्टी आहे ती."

या 'आहे'वर गाडीतले आठही जण रडायला लागले. निकानोरला रस्ता दिसेना, गाडी एका गायीच्या पोटाला घासून गेली.

डोंगरावर पोचलो. कुंपणाशी रंगीत मधपेट्या, मागे एक लाकडी शेड, आणि शेडच्या छपरावर, गुडघ्यांवर बसून फळ्यांवर खिळे ठोकत होती ती आमची स्मारांदा! बाजूला तोंडात खिळे धरून आग्लाया!

निकानोरने असा ब्रेक मारला की कोलिव्याचे तीन वाडगे फादरच्या झग्यावर. लिओंतिनाने एक किंकाळी ठोकली आणि वेटोळ्यातच बसली.

"लिओंतिनामावशी?" वरून आवाज आला. "तुम्ही इथे? आणि हे पुष्पचक्र कुणासाठी?"

"तुझ्यासाठी!" लिओंतिना रडत ओरडली. "कार्टे, तू जिवंत कशी?"

फादरनी झग्यावरचा गहू झटकला, खिशातून एक चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. "पांफिलदादा, हे अक्षर कुणाचं?"

मी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली. शेवटी आग्लाया खाली उतरली, तोंडातले खिळे काढले आणि तिचा चष्मा माझ्या नाकावर ठेवला. डावीकडे वर स्पष्ट छापलं होतं, 'मृत'. खाली सुरेख अक्षरात माझी लेक.

"काय झालंय?" स्मारांदा छपरावरून विचारत होती. "बाबा?"

"मी तुला मारून टाकलं," मी म्हणालो. "चुकून. चष्मा नव्हता."

"आणि शेजारच्याला विचारलं नाहीत?"

"नाही."

तिने एक खिळा जोरात ठोकला. मला वाटलं, संपलं! आता पाच आठवडे नाही, पाच वर्षं!

"फोन का नाही केलात?"

वीस-पंचवीस माणसं ऐकत होती. मी असा घामाघूम झालो होतो की खाली तळं साचलं असावं. "भीती वाटली," मी म्हणालो. "तू म्हणाली असतीस, सगळं छान चाललंय. मग पुढे मी काय बोलायचं?"

हातोडी या हातातून त्या हातात. "मीही त्याच भीतीने नाही केला," ती म्हणाली. "तुम्ही शाब्बास म्हणाला असतात. आणि पेट्या नेताना माझी पाठ मोडली होती."

लिओंतिना वेटोळ्यातून उठली. "बापलेकीने काय तो अबोला धरायचा, आणि आम्ही मेलं तीन डोंगर रडत यायचं! त्या शेडचं छप्पर अर्धं उघडंय. निकानोर, कोट काढ!"

मग काय! आमच्याकडे कुणाचं घर उभं राहायचं असलं की सगळं गाव जमतं, ते आज न बोलावता आणि काळ्या कपड्यांत जमलं होतं. पुरुष फळ्या उचलायला लागले. बायकांनी कोलिवा वाटला. ज्या मुलीच्या नावाचा तो होता तिने दोनदा मागून घेतला! फादर म्हणाले, ज्याचं नाव चुकून मेलेल्यांत वाचलं जातं, तो शंभर वर्षं जगतो. खरंखोटं देव जाणे, पण ऐकून बरं वाटलं.

मला स्वस्थ बसवेना. सगळे राबतायत आणि बाप खाली उभा! शिडी दिसली. मी कुणालाही न विचारता फळी काखेत मारून चढलो, थेट वरपर्यंत! आणि तिथे पोचून खाली बघितलं.

वाचकहो, पृथ्वी गोल आहे हे मी वाचलं होतं. ती फिरते हे त्या दिवशी पाहिलं! फळी सुटली आणि निकानोरच्या पायाशी पडली. मी छपराला पालीसारखा चिकटलो. आधी मी मनात प्रार्थना केली. मग लक्षात आलं की देव बहुधा माणसांमार्फतच शिडी धरतो. आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा मी जोरात ओरडलो, "कुणीतरी मला उतरवा हो!"

अख्खी दरी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

स्मारांदा माझ्या खालच्या पायरीवर आली. माझा घोटा धरून एकेक पायरी दाखवायला लागली. "डावा पाय, बाबा. आता उजवा. घाई नाही. मी धरलंय."

"तुला त्रास होतोय."

"होतोय. गप्प उतरा."

खाली सगळे श्वास रोखून उभे होते. मी म्हणालो, "आता सोड. शेवटची पायरी मी माझा मी उतरतो!"

तिने सोडलं. मी डोळे मिटले, पाय पुढे टाकला आणि कुणाच्याही मदतीशिवाय, संपूर्णपणे स्वतःच्या बळावर उतरलो! टाळ्याही पडल्या.

आता खरं सांगायला हरकत नाही. ती शेवटची पायरी नव्हती. मी केव्हाचा जमिनीवरच उभा होतो.