न्हाणीतला मानपान

न्हाणीतला नळ जाम झाला, तो नेमका जावई धोंडे खायला यायच्या दिवशी! दोन्ही हातांनी पिळावा तेव्हा कुठे करंगळीएवढी धार. जावई साधासुधा असता तर ग्यानबाने बादलीवर भागवलं असतं. पण वैजनाथराव रुसण्यात पटाईत. लग्नात आधी दुसऱ्याला फेटा बांधला म्हणून जे रुसले, ते त्यानंतर आज पहिल्यांदा सासुरवाडीत, डोंगरकडा गावात, पाऊल टाकणार होते. मानपानात काडीची चूक झाली, की टोमणे शिवकन्येच्या वाट्याला. लेकीच्या काळजीने ग्यानबाचा जीव टांगणीला लागला होता.

"नळवाल्याला बलवा की," धोंडे तळता तळता सखुबाई म्हणाली.

"एवढ्याशा नळाला? आगं, मी ट्रॅक्टर खोलणारा गडी हाय!"

या गड्याने ट्रॅक्टरचा पाना लावला आणि असा हिसका दिला, की नळाचं मुंडकंच हातात आलं. पाण्याची पिचकारी थेट तोंडावर! चिंधीचा बोळा कोंबला, तो उडून छताला लागला. टाकीखाली कॉक बसवायचा राहूनच गेलेला. पाणी मोकळं सोडावं, तर मोरी तुंबून ते ओसरीत शिरणार, आणि तिथे हळदीची पोती. शेवटी ग्यानबा भोकात अंगठा घालून उकिडवा बसला.

"हळूहळू सोडून टाकी रिकामी करतो," तो म्हणाला.

तेवढ्यात लाइट आली. शेतातल्या मोटारीला ऑटो बसवलेला. लाइट आली की मोटार आपोआप चालू, आणि विहिरीचं पाणी थेट घरच्या टाकीत. ही अक्कलही ग्यानबाचीच. टाकी पुन्हा भरू लागली, आणि दारात मोटारसायकल थांबली.

"अवं, पाव्हणे आले! भाईर या की!"

"कसा येऊ? अंगठा काढला की पूर!"

सासरा सामोरा आला नाही, हे पाहून वैजनाथराव उंबऱ्यातूनच वळले आणि शिवकन्येला म्हणाले, "चल गं माघारी. इथं आपली किंमत न्हाई."

"जावईबापू, पाया पडतो, पण हिकडं या!" ग्यानबा कळवळून ओरडला.

वैजनाथरावांनी न्हाणीत डोकावलं. "मामा, हे काय करून राहिले तुमी?"

"जरा अंगठा लावा, बापू, अन् पाणी हळूहळू सोडत बसा. मोटार बंद करून येतो. आता तुमीच वाली!"

धोंड्याच्या जावयाला कामाला लावलं! सखुबाईने कपाळावर हात मारला. ग्यानबा मात्र जावयाच्याच गाडीवर शेताकडे सुटला.

मोटार बंद करून तो भीतभीतच परतला. बघतो तर न्हाणीपुढे शेजारणींची ही गर्दी! आत जावई पाटावर, कपाळाला कुंकू, शिवकन्या पदराने वारा घालतेय. उजवा हात नळात अडकलेला, म्हणून सासूबाई स्वतःच्या हाताने तुपात बुडवलेले धोंडे भरवतायत. लेक खुदुखुदू हसत होती. बापाला भरून आलं.

सखुबाई आणखी तूप आणायला वळली. ग्यानबाने वर चढून टाकीत पाहिलं, तर टाकी कोरडी ठाक. तो खाली येऊन जावयाच्या कानाशी लागला.

"बापू, टाकी कवाच रिकामी झाली. अंगठा काढा की आता."

"हळू बोला, मामा," वैजनाथराव तोंडातला घास गिळत कुजबुजले. "काढला की आपल्या हातानं खावं लागंल."