उस्तादांनी परत केलेला खोकला

दातांच्या डॉक्टरांनी साठाव्या वाढदिवसाला पाहुणे बोलावले होते, ते जेवायला, असा पाहुण्यांचा समज होता. डॉक्टरांनी बोलावलं होतं ते खोकला ऐकायला.

हा खोकला साधासुधा नव्हता. जाझमधल्या एका थोर ड्रमवादकाचा कार्यक्रम चालू असतानाच केलेल्या रेकॉर्डवर तो होता. डॉक्टर या वादकाला नुसतं ‘उस्ताद’ म्हणत. त्या रेकॉर्डवर बाकीचे वादक थांबतात, उस्ताद काठ्या बाजूला ठेवून ड्रमवर फिरवायचे तारांचे ब्रश हातात घेतात आणि इतकं हळू वाजवू लागतात की सभागृह श्वास रोखून धरतं. नेमकं तेव्हाच कोणीतरी खोकतं. खक्, खक्खक्. दुसरा कोणी असता तर त्याने कपाळाला आठ्या घातल्या असत्या. उस्तादांनी तोच खोकला लयीसकट ड्रमवर परत केला, मग उलटा करून वाजवला आणि त्यातूनच पुढचं सगळं वादन उभं केलं. जाणकारांच्या मते उस्तादांनी याहून मोठं काही वाजवलं नाही. आणि खोकला डॉक्टरांचा होता.

नवं लग्न झालेलं असताना ते बायकोला घेऊन त्या कार्यक्रमाला गेले होते. तेव्हापासून दवाखान्यात ही रेकॉर्ड वाजायची आणि आ वासून बसलेल्या पेशंटला डॉक्टर सांगायचे, “हा मी.” पेशंटला ‘अरे वा’ म्हणायची सोय नसायची. डॉक्टर ते त्याच्या डोळ्यांत वाचून घ्यायचे. त्यांनी जन्मभर दात काढले, बसवले, पण आपल्यामागे जगात काही उरणार असेल तर तो खोकलाच, याबद्दल त्यांची खात्री होती.

वाजवून वाजवून रेकॉर्ड पार झिजली होती. नवा जावई ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला होता. त्याने ती गुपचूप नेली, लॅपटॉपवर उतरवून तिची खरखर काढली आणि वाढदिवसाची भेट म्हणून लॅपटॉपवरून ऐकवायला आणली. डॉक्टरांना गहिवरून आलं.

“हं, आता,” म्हणून डॉक्टरांनी बोट वर केलं. पाहुणे सावरून बसले. ब्रश हळूहळू फिरत राहिले, शांतता पसरली आणि मग एकदम ड्रम बोलला. टक्, टक्टक्.

“खोकला कुठाय?” शेजारच्या वकिलांनी विचारलं.

“थांबा हो. जरा मागे घ्या, जावईबापू.”

मागे घेतलं. शांतता, टक्, टक्टक्. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं ते वाटत होतं.

जावयाचा चेहरा फुलला होता. “बाबा, आलं ना लक्षात? तिथे कोणीतरी बेशिस्त माणूस खोकत होता. आठवडाभर त्याच्यावरच खपलो. असा काढलाय की मागमूस नाही.”

मुलीने टेबलाखालून नवऱ्याला पाय मारला. त्याने सभ्यपणे पाय बाजूला घेतला. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि खोकल्याची गोष्ट दुसऱ्या कोणीतरी त्याला सांगितलीच असणार, असं घरातला प्रत्येक जण धरून चालला होता.

“जावईबापू,” वकील म्हणाले, “तो बेशिस्त माणूस म्हणजे तुमचे सासरे.”

जावयाचं तोंड एवढंसं झालं. नव्या जावयाला बोलायची सोय नसते, म्हणून डॉक्टरच म्हणाले, “काही बिघडत नाही. खोकला गेला तरी खोकणारा आहे ना. लावा परत.”

पहिल्या खेपेला डॉक्टर आधीच खोकले. दुसऱ्या खेपेला उस्ताद पुढे निघून गेले. तिसऱ्या खेपेला खरीच उबळ आली आणि पाणी आणावं लागलं.

“रागावू नका डॉक्टर,” वकील म्हणाले, “पण हा तो खोकला नव्हे. तो मी इतक्यांदा ऐकलाय की शपथेवर सांगेन. तो बारीक होता.”

“तरुण होतो हो मी तेव्हा.”

“बाबा, मी तो टाकलेला नाही,” जावई घाईघाईने म्हणाला. “वेगळा काढून ठेवलाय. ऐकूया की.”

मग खोकला एकटाच वाजला. खरखर नाही, ड्रम नाही, नुसता स्वच्छ खोकला.

“तेव्हा डॉक्टरांचा गळा फारच नाजूक होता,” व्याही सांभाळून घेत म्हणाले.

“आई,” मुलगी म्हणाली, “हा तर तुझा खोकला.”

डॉक्टरांची बायको हातात ताटं घेऊन दारात उभी होती. “माझाच आहे,” ती म्हणाली. “सर्दी झाली होती मला.”

“अगं, पण मी खोकलो होतो!”

“खोकलात ना. नंतर, टाळ्या चालल्या होत्या तेव्हा.”

“उस्तादांनी माझ्याकडे बघून मान डोलावली होती.”

“तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?”

“प्रश्न रास्त आहे,” वकील म्हणाले.

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं. “इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायचात. म्हटलं, खोकला घरातलाच आहे, कोणी का मिरवेना.”

“मग खरं काय झालं होतं?”

तिने ताटं खाली ठेवली. “तुम्ही रुमाल शोधत होतात. मी इतकी घाबरले, तोंडावर हात दाबून धरला. उस्तादांनी ब्रश हवेत तसाच धरून ठेवला. वाटलं, आता उठवतात मला. तर ते थांबले होते, माझं पुरतं होईपर्यंत. मग हसले आणि वाजवलं. रेकॉर्डवर तिथे नुसती शांतता आहे. त्या शांततेत ते हसत होते.”

हे हसू डॉक्टरांना ठाऊकच नव्हतं. आपण जन्मभर पाठ केलेल्या मैफलीचा सगळ्यात सुंदर क्षण आपल्या स्वयंपाकघरात वावरत होता, हे कळल्यावर ते बायकोकडे बघतच राहिले.

जावयाने लॅपटॉपवर खोकला परत जागच्या जागी बसवला, तेवढ्यात दवाखान्यातल्या नर्सबाई धापा टाकत आल्या. “उशीर झाला. झाला का डॉक्टरांचा खोकला ऐकून?”

डॉक्टर ताठ उभे राहिले. “माझा कुठला? उस्ताद माझ्यासाठी कशाला थांबतील? हिच्यासाठी थांबले होते. बसा, पहिल्यापासून लावतो.”

“अहो, जेवणं व्हायचीत सगळ्यांची,” बायको म्हणाली.

“उस्ताद थांबले, मग पाहुण्यांना काय झालं?” डॉक्टर म्हणाले, आणि बायकोसाठी त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली.