खालची कवळी

ज्या वर्षी घरातल्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी तिच्या नवऱ्याला जंगलातल्या धबधब्यावर देखरेखीला नेमलं. त्याआधी तो सरकारी वखारीत लाकडाचे ओंडके मोजायचा. धबधबा अगदी आडबाजूला होता. फाटकापासून तासभर पायवाट, आणि दिवसाला वीसच माणसं आत सोडायची, तीही एकत्र. नेमणूक एक वर्षाची, चाचणीपुरती. वर्ष भरलं की मोठे साहेब येऊन बघणार, आणि जावयाला ठेवायचं की परत वखारीत धाडायचं ते ठरवणार.

जावयाने तिथे एक नियम केला होता. आत जाताना प्रत्येकाजवळची प्लास्टिकची आणि काचेची वस्तू वहीत लिहायची, परतताना ती दाखवायची. एक जरी कमी भरली तरी सापडेपर्यंत विसातला एकही माणूस बाहेर जाणार नाही. वही फाटकावरच्या मावशींकडे असे. मावशी इतक्या कडक की एकदा त्यांनी खुद्द जावयालाच पेनाच्या टोपणासाठी दोन तास अडकवून ठेवलं होतं.

वर्ष भरलं आणि ज्या दिवशी साहेब दुपारी चारला येणार होते, नेमके त्याच दिवशी सकाळी सासू-सासरे धबधबा बघायला हजर झाले. आज नको, असं त्याने बायकोला तीनदा बजावलं होतं. तिने ते आईवडिलांना एकदाही सांगितलं नाही. वडिलांना नको म्हटलं की ते एक दिवस आधीच निघतात, हे तिला माहीत होतं.

सासरे निवृत्त हेडक्लार्क. मावशींनी त्यांच्या वस्तू लिहून घेतल्या: पाण्याच्या बाटल्या दोन, चष्मे दोन, कंगवा एक. वही मिटणार तोच सासरे म्हणाले, "थांबा. कवळी राहिली."

"कसली कवळी?"

"दातांची. खालची. प्लास्टिकचीच असते ती."

तोंडातलं लिहायची गरज नाही, असं जावयाने समजावून पाहिलं. नियमात तसं कुठे लिहिलंय, असं सासऱ्यांनी विचारलं. कुठेच लिहिलं नव्हतं. मावशींनी ठळक अक्षरात लिहिलं, 'कवळी, खालची, एक.'

धबधब्याशी पोचल्यावर सासरे थेट धारेखाली जाऊन उभे राहिले. काठावरून सासूबाई सांगत होत्या की फार आत जाऊ नका, पाय घसरेल. मला शिकवू नकोस, हे सांगायला सासऱ्यांनी तोंड उघडलं. वरून पाण्याचा लोट आला तो बरोबर तोंडावर. तोंड मिटलं तेव्हा खाली फक्त जीभ होती.

मग शोधाशोध सुरू झाली. बाकीच्या लोकांनाही घरी जायचं होतं, त्यामुळे कुरकुरत का होईना, सगळे गुडघाभर पाण्यात उतरले. कुणी पायाने चाचपडतंय, कुणी हाताने गोटे उलटतंय. जावई मध्ये उभा राहून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. पाण्यातून एक चप्पल निघाली, चष्म्याची काडी निघाली, बाटल्यांची झाकणं निघाली, बाहुलीचा हात निघाला. कवळी काही निघेना. शेवटी एका शिंप्याने दगडाच्या कपारीत हात घातला आणि हात वर करून म्हणाला, "मिळाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावयाच्या जिवात जीव आला. सासऱ्यांनी कवळी धुतली, उन्हात धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "ही वरची आहे."

जावयाने त्यांना झाडामागे नेलं.

"बाबा, कवळी ती कवळी. मावशी काय तुमच्या तोंडात वाकून बघणारेत?"

"वहीत खालची लिहिलीय."

"चारला साहेब येतायत. वही जुळली नाही तर मी परत वखारीत, ओंडके मोजायला."

"म्हणून दुसऱ्याचे दात माझे म्हणून सांगू? जावईबापू, आख्ख्या नोकरीत मी एक खोटी नोंद केली नाही."

सासूबाई मागूनच आल्या होत्या. "अहो, घाला ती आणि चला. नाहीतरी जेवताना तुम्ही काढूनच ठेवता."

सासरे ऐकले नाहीत. पावणेचारला सगळी वरात ओल्या कपड्यांनिशी फाटकावर पोचली. मावशींनी एकेक वस्तू मोजली आणि चेहरा आणखी कडक केला. कमी भरली एक, आणि जास्त आल्यात अकरा, म्हणाल्या. कमी असल्या तर शोधायला धाडते, जास्तीचं काय करायचं ते नियमात नाही, तेव्हा कुणी हलायचं नाही.

लोक आता जावयाच्या नियमाला आणि नियम करणाऱ्याला मोठ्याने नावं ठेवू लागले. तेव्हा सासऱ्यांनी वही मागून घेतली, पट्टीने रेघ मारून नवा रकाना पाडला आणि सावकाश लिहिलं, 'हरवली: कवळी, खालची, एक. जास्त मिळाली: कवळी, वरची, एक, मालक अज्ञात.' खाली बाकीच्या दहा वस्तू. मग पेन जावयापुढे धरलं. जबाबदार माणसाची सही हवी होती.

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, थंडीने कुडकुडणाऱ्या लोकांकडे पाहिलं. वखारीतल्या ओल्या लाकडाचा वास त्याच्या नाकात आत्ताच येऊ लागला होता. त्याने सही केली. शाई वाळायच्या आत साहेबांची जीप येऊन थांबली.

साहेबांनी आधी वहीच मागितली. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. जावई खुलासा द्यायला लागला, तर त्याला हाताने थांबवलं.

"मी नऊ ठिकाणच्या नाना तऱ्हेच्या नोंदवह्या तपासल्यात," साहेब म्हणाले. "सगळ्या तंतोतंत जुळतात. घरी बसून लिहिल्या की जुळतातच. न जुळणारी ही पहिलीच बघतोय."

"म्हणजे, साहेब?"

"म्हणजे इथे खरंच कुणीतरी मोजतंय. तुम्ही इथंच राहा."

नोकरी कायम झाली. ती आपल्यामुळे झाली, हे सासरे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत, आणि जावई समोर असला तर त्याच्याकडून वदवूनही घेत. तो दात ओठ खाऊन हो म्हणे. आणखी सात वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, एका मंगळवारी सकाळी चहा पिता पिता सासरे गेले. सासूबाई त्यांच्यानंतर दोन वर्षांनी गेल्या.