फुंकर मास्तरांचा संदर्भ

फुंकर मास्तर चित्रकथेतले असल्यामुळे रविवारी सकाळी ते आमच्या दाराच्या फटीतूनच आत आले आणि म्हणाले, "ताई, माझा संदर्भ म्हणून तुम्हाला स्पर्धेला यावं लागेल."

"चपला बाहेर काढल्यात ना?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"माझ्या चित्रात चपला नाहीत."

मास्तर पूर्वी एका बालमासिकाच्या शेवटच्या पानावर चार चौकटींत यायचे. धोतर, काळी टोपी, फुगलेले गाल. फुंकर मारून पाटीवरची धूळ उडवायचे, एवढंच. मासिक बंद पडलं. गरम अन्न निववण्याची शक्ती त्यांना माझ्याकडून मिळाली. गरम खिचडीने जीभ भाजते म्हणून माझी मुलगी इरू तोंड मिटून बसायची, तेव्हा मी मास्तरांना ताटाजवळ बोलावलं. आता त्यांच्याशिवाय ती घास घेत नाही. हे बरोबर की चूक, यावर मी बरेच लेख वाचलेत. प्रत्येक लेखाने मला वेगळ्याच गोष्टीसाठी दोषी धरलं.

इचलकरंजीला चित्रकथाप्रेमींची स्पर्धा होती. कोणतं पात्र कोणाला हरवेल हे तिथे चाहते ठरवतात, पण प्रत्येक शक्तीला विश्वासार्ह संदर्भ लागतो. मास्तरांची गाठ भट्टासुराशी होती, आणि तो नखशिखांत पेटलेला. संदर्भ मिळाला नाही तर पात्र अप्रमाणित ठरतं. अप्रमाणित पात्राची गोष्ट पुन्हा सांगता येत नाही. सांगायला गेलं तर आवाजच फुटत नाही.

"म्हणजे इरूच्या जेवणाचं काय?"

"तेच तर म्हणतोय," मास्तर म्हणाले. "आटपा."

मी इरूला कडेवर घेतलं आणि आम्ही निघालो.

मंगल कार्यालयात संदर्भ तपासनीस निमकर सरांनी मला टेबलापाशी उजेडात उभं केलं.

"पान क्रमांक?"

"मला पानं नाहीत."

"प्रकाशन वर्ष?"

"जन्मसाल चालेल?"

"चालेल." त्यांनी माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं चष्मा वर करून पाहिली आणि लिहून घेतलं, "वापरलेला, पण वाचनीय."

भट्टासुराची बाजू मांडणाऱ्या मेघना देशिंगे लगेच उठल्या. "सर, आया मुलांशी सर्रास खोटं बोलतात. हा संदर्भ बाद करा."

हरकत रास्त होती. मीही ती अधूनमधून स्वतःवर घेते.

निमकर इरूकडे वाकले. "बाळ, आई खोटं बोलते?"

"हो," इरू म्हणाली. "शेवटचा घास म्हणते. मग अजून एक शेवटचा असतो."

सभागृहात कुजबुज झाली. मास्तरांच्या धोतराची रेघ फिकी पडू लागली.

"आणि मास्तरांबद्दल काय सांगते?"

"ते फुंकतात. मग भाजत नाही."

"पण भाजतं ना कधीतरी?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही म्हटलं ना!"

देशिंगेबाई हसल्या. "अहो, ही बाई आधी घास स्वतः तपासून बघत असणार. यात मास्तरांचं काय कर्तृत्व?"

"बघते की," मी म्हणाले. माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "प्रत्येक घास ओठाला लावून बघते. भाजलं तर मास्तरांना परत फुंकायला लावते. मगच 'आता चालेल' म्हणून भरवते."

निमकरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे प्रत्येक विधान प्रसिद्ध करण्याआधी पडताळलेलं आहे. आमच्याकडच्या एकाही छापील संदर्भाबद्दल हे म्हणता येत नाही." मग त्यांनी उभं राहून निर्णय वाचला, "सदर आई घासांच्या संख्येबाबत अविश्वसनीय, तापमानाबाबत विश्वसनीय." माझ्या मनगटावर शिक्का बसला. मास्तरांची रेघ पुन्हा काळीभोर झाली.

सामना लगेच सुरू झाला. मास्तरांनी गाल फुगवले. भट्टासूर लाल होता, तो तांबूस झाला, मग राखाडी.

"संदर्भाने पुढे यावं," निमकर म्हणाले.

मी पुढे झाले आणि भट्टासुराच्या दंडाला ओठ लावला. तो संकोचून दुसरीकडे बघत राहिला.

"अजून एक फुंकर," मी म्हणाले.

मास्तरांनी मारली. मी पुन्हा ओठ लावून पाहिला.

"आता चालेल," मी म्हणाले, आणि इरूने तोंड उघडलं.