नळीत कोण बोललं?

माझ्या रेडिओसारखा रेडिओ तुमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नसेल! कार्बनची एकच नॅनोनळी. केसाच्या जाडीत अशा हजारो मावतील. तीच अँटेना आणि तीच रेडिओ. लहर आली की नळी थरथरते आणि त्या थरथरीचा स्पीकरच्या पेटीतून आवाज होतो. सकाळीच मी स्वतः बोलून चाचणी घेतली होती. झकास!

संचालकबाई आज ठरवणार होत्या, आमची प्रयोगशाळा ठेवायची की तिला टाळं ठोकायचं. टाळं लागलं तर मी घरी. आणि घरी सासरे, ज्यांना अजून वाटतं की मी रेडिओ दुरुस्त करतो.

शेजारच्या खोलीतून गाणं सोडायचं आणि इथे ऐकवायचं, एवढंच काम. पडद्यावर नळी नीट दिसावी म्हणून दिवे मालवले. मी मागे दारापाशी उभा. पडद्यावर नळीची काळी रेघ थरथरली, पण गाणं आलं नाही. आला श्वास.

लांब, घरघरता श्वास. माझ्या अंगावर काटा आला, तसा तो जोरात होऊ लागला. मला घाम फुटला, तर पेटी धापाच टाकायला लागली!

"थोरले सर असेच धापा टाकायचे," माझी सहकारी म्हणाली. हे काम सुरू करणारे थोरले सर मागच्या वर्षी वारले. ही बाई घड्याळावरही विश्वास ठेवत नाही, दोन बांधते. आज भुतावर ठेवला.

संचालकबाई त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या उठल्या, पेटीशी वाकल्या आणि हळूच विचारलं, "सर, बंद करू का हे काम?"

मी श्वास रोखला. पेटीतलाही थांबला. सरांच्या उत्तरावर माझी चूल अवलंबून! न राहवून मी ओठातल्या ओठात पुटपुटलो, नका करू हो.

"नका करू हो," पेटी खरखरली.

बाईंनी डोळे पुसले. "नाही करत, सर."

मला तर गहिवरून आलं. सरांनी मेल्यावरही माझी बाजू घेतली! सुटलो बुवा, मी स्वतःशीच म्हणालो, बाई घाबरट निघाली.

"सुटलो बुवा," पेटी म्हणाली. "बाई घाबरट निघाली."

सहकारीनं दिवा लावला. सगळ्यांच्या माना पेटीकडून माझ्याकडे वळल्या. चाचणीचा माइक माझ्या कॉलरला तसाच, ट्रान्समीटर खिशात, दोन्ही चालू. गाणं बिचारं भिंतीपलीकडे केव्हाचं वाजत होतं. पण मी जवळचा, म्हणून नळीनं मलाच धरलं.

बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे अजून ओले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्हाला सर्दी झालीय हेही कळण्याइतकं स्वच्छ ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "काम चालू राहील." मग माझ्याकडे बोट दाखवून सहकारीला विचारलं, "यांचा आवाज कुठून बंद होतो?"

"ते बटण यांच्या घरच्यांनाही सापडलेलं नाही, मॅडम," ती म्हणाली.