कुत्र्याच्या बाजूचे बेंजामिन अंकल

आमच्या नॉर्थ यॉर्कच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडेही गेलं की आधी बूट काढायला सांगतात. शेजारचे बेंजामिन अंकल आधी बाजू विचारतात. "ससा की कुत्रा?"

त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर एक ताट आहे. जुन्या ऑटोमन ताटाची नक्कल, लग्नानंतर इस्तंबूलला गेले तेव्हा सारा आंटींनी हट्टाने घेतलेली. हिरव्या रंगावर हरणं, पक्षी, मांजरासारखा दिसणारा एक सिंह. आणि काठाकाठाने जीव घेऊन पळणारा ससा. मागे कुत्रा.

आंटी सशाच्या बाजूच्या. अंकल कुत्र्याचे. "ऑटोमनांच्या काळापासून उपाशी धावतोय बिचारा. त्याला पोट नाही?"

मी पहिल्याच दिवशी भाबडेपणाने ससा म्हणाले. माझ्या चहात साखर आली नाही. "सशाची माणसं पाला खातात," अंकल म्हणाले, आणि बिस्किटांचा डबाही उचलून आत नेला.

घरातलं कुठलंही भांडण शेवटी त्या ताटावर यायचं. विंटर टायर बदलायचे राहिले की आंटी म्हणायच्या, "कुत्र्याच्या पार्टीची माणसं आळशीच." अंकल शांतपणे विचारायचे, "मग मागे धावतोय कोण?" दोघं अलिबागकडचे मराठी ज्यू. गाव सोडून जन्म गेला, पण त्यांचं भांडण अजून तिथल्याच मराठीत चालायचं.

या थंडीत आंटींचं हार्टचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी अंकल हॉस्पिटलमधून थेट माझ्या दारात आले. कोट काढला नाही. चहा समोर ठेवला तर कप नुसता धरून बसले.

"डॉक्टर म्हणतात, रिस्क आहे," ते म्हणाले. मग कपाकडे बघत, "ससा सुटेल ना गं?"

मी त्यांच्या हातातला कप काढून खाली ठेवला. "सुटेल, अंकल."

"मी आमच्या प्रेषिताला, एलियाहू हनबीला, मलिद्याचा नवस बोललोय. सारा घरी आली की त्याच ताटात करीन."

आंटी घरी आल्या. अशक्त, पण तोंड शाबूत. त्या ताटाला कधी अन्न लागलं नव्हतं. आज ते टेबलावर होतं. गूळ-खोबरं घातलेले पोहे, वेलची, खजूर. प्रार्थना झाली. आंटी ताटाकडे बघत राहिल्या. ससा स्वच्छ दिसत होता. मलिद्याचा सगळा ढीग त्याच्या मागच्या बाजूला.

"अहो, सगळं एकीकडे का लोटलंत? कुत्रा कुठाय?"

अंकल केळं सोलत होते. मान वर केली नाही.

"जेवतोय. पोट भरलं की कशाला धावेल कुणाच्या मागे?"

आपल्या वाटणीचा खजूर उचलून आंटींनी कुत्र्याच्या बाजूला ठेवला.