रज्जाकभाईंचा अंगठा

मांडवाबाहेर फुलं लावलेली गाडी येऊन उभी राहिली की लोक नवरदेवाकडे बघतात. आमचे शेजारी रज्जाकभाई डोळे मिटून बॉनेटवरून, मडगार्डवरून अंगठा फिरवायचे. मग वरबापाला बाजूला घेऊन सांगायचे, "डाव्या मडगार्डला पुट्टी भरलीय. गाडी कुठंतरी ठोकलीय." गाडी भाड्याची असली तर ठीक. वरबापाने ती नवी समजून घेतलेली असली की आम्हाला जेवणाआधीच निघावं लागायचं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रज्जाकभाई इंदापुरात कवळ्या बनवायचे. बारामती-इंदापूरचे दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि भाई खोलीत बसून दात बसवायचे. जीव मात्र गाड्यांवर. कवळीचंच गुलाबी रेझिन साच्यात घालून ते वीतभर लांबीच्या मोटारी करायचे. वरून काळी कुळकुळीत अँबॅसडर, आतून हिरड्यांच्या रंगाची.

गाडी साच्यातून निघाली की अंगावर बुडबुड्यांची भोकं असतात, टाचणीच्या टोकाएवढी. ती पुट्टीने भरायची, वाळली की पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायची, राखाडी प्रायमर मारायचा आणि राहिलेली भोकं पुन्हा शोधायची. त्यासाठी भाईंना भिंग लागत नसे. "डोळा खोटं बोलतो, साहेब. बोट न्हाय बोलत."

रंगाचा त्यांचा मुहूर्त ठरलेला. पावसाळी हवेत रंगावर पांढरट झाक येते आणि साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आभाळातून काजळी पडते. मधे जे दिवस मिळतील त्यांत रंग उरकायचा, तेवढे दिवस कवळ्या बंद. एका वर्षी बावड्याचे एक तात्या नातीच्या साखरपुड्यात बिनदाताचे बसले, सगळ्या फोटोंत तोंडावर उपरणं. ते तणतणत भांडायला आले. भाईंनी त्यांना डोळे मिटायला लावून गाडीच्या टपावरून बोट फिरवायला लावलं. तात्या चहा पिऊन गेले.

हे बघून मीही गाड्या करू लागलो. पंचायत समितीत कारकून, अक्षर मोत्यासारखं, हात स्थिर. यांना जमतं ते मला का जमू नये? सहा वर्षं दरसाल गाडी घेऊन गेलो आणि सहाही वर्षं तो अंगठा कुठेतरी थांबला. "लागतंय, कांबळेसाहेब." संपलं.

मी जळायचो. उगाच दुसरा शब्द कशाला वापरू? आमच्या रंगीत टीव्हीवर भाईंनी दिलेली गाडी, आणि माझ्या सगळ्या पिठाच्या डब्यामागे. बायको पाहुण्यांना सांगायची, "हे पण करतात, पण भाईंची ती भाईंचीच." पाहुणे मान डोलवायचे. या माणसाच्या एका तरी गाडीत भोक सापडावं आणि ते मला सापडावं, एवढीच माझी इच्छा उरली होती.

सातव्या वर्षी माझ्या हिरव्या जीपवरून अंगठा पुढून मागे सरळ गेला.

"लागलं न्हाय."

मी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. भाईंकडे जरा मोठाच पुडा नेला, झोंबावा म्हणून. भाईंनी एक पेढा खाल्ला आणि पुडा बाजूला सारला. आता तिकडे जळतंय, अशी माझी खात्री पटली. फार बरं वाटलं.

आठ दिवसांनी त्यांनी बोलावलं. समोर प्रायमर मारलेली अँबॅसडर होती.

"बोट फिरवा."

"मी?"

"माझा अंगठा मेलाय. रेझिन मळून मळून. वरीस झालं, सुई टोचली तरी कळत न्हाय. कुणाला बोललो न्हाय. कवळीवाल्याचं बोट गेलं म्हनल्यावर दात कोण करून घील?"

"मग माझी जीप?"

भाई खाली बघत राहिले. "सहा वर्सं तुमचं तोंड पडल्यालं बघितलं. औंदा 'लागतंय' म्हनायला जीभ उचलंना. आन् खरं काय हाय ते मलाबी ठावं न्हवतं."

माझा उभ्या जन्मातला एकच विजय, तोही मेल्या अंगठ्याने दिलेला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. पण ते हात मांडीवर ठेवून वाट बघत होते, कवळीचं माप द्यायला आलेल्या म्हाताऱ्यासारखे. मी डोळे मिटले.

टप गुळगुळीत. दारं गुळगुळीत. डिकीच्या कडेला बोट अडखळलं.

सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते भोक माझ्या बोटाखाली होतं, आणि ते नसतं तर बरं, असं वाटत होतं. गप्प बसावं असंही मनात आलं. पण त्यांनी बोट मागितलं होतं.

"लागतंय, भाई."

"कुठं?"

मी त्यांचा अंगठा धरला आणि तिथे नेऊन टेकवला. भाईंनी डोळे मिटले. बराच वेळ अंगठा तिथेच दाबून धरला.

"व्हय," ते म्हणाले. "लागतंय."